प्लग फेकण्याआधी त्याचं तोंड बघा



सीझन सुरू झाला की सोसायटीत एक तक्रार हमखास येते: "मोटर धरत नाही. नवा प्लग घातला, दोन दिवस चालली, परत तसंच." जुना प्लग कुठे आहे विचारलं तर तो फेकलेला असतो. मोटरीला काय झालंय ते सांगणारा तोच होता.

केरी, हरमल, मांद्रे, मोरजीच्या लोकांना सांगायला नको. तेरेखोलच्या किंवा शापोराच्या मुखाशी लाट फुटत असताना मोटर बंद पडली तर होडी आडवी व्हायला किती वेळ लागतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आज प्लग कसा वाचायचा आणि कसा निवडायचा ते लिहितो आहोत.

प्लग कधी काढून बघायचा

मोटर सुरू करून दोन मिनिटं स्लोवर ठेवली आणि प्लग काढला, तर तो काळाच दिसणार. होडी नेहमीच्या वेगाने पाच-दहा मिनिटं चालवा, मग त्याच वेगात मोटर बंद करा आणि थंड झाल्यावर प्लग काढा. हे आत नदीत, शांत पाण्यात करायचं. सोबत दुसरा माणूस, वल्ही आणि नांगर हवा. मुखाजवळ हा प्रयोग नको. आणि मोटर पाण्याबाहेर कोरडी चालवू नका, इम्पेलर जळतो.

दोन सिलिंडरची मोटर असेल तर कुठला प्लग कुठला, ती खूण करून ठेवा.

प्लग काय सांगतो

१. टोकावरची चिनीमाती फिकट तपकिरी किंवा राखाडी: सगळं ठीक आहे. गॅप तपासा आणि परत बसवा.

२. कोरडी काळी काजळी: पेट्रोल जास्त जातंय, चोक अडकलाय किंवा मोटर फार वेळ स्लोवर चालते. जाळं टाकताना, ओढताना आपली मोटर तासभर हळू चालते. डिचोलीकडे नदीत फिरणाऱ्यांचं तर बहुतेक काम हळूच असतं. घरी येताना थोडा वेळ नीट वेगात चालवली तर बरीच काजळी जळून जाते. मोटर केरोसिनवर चालत असेल तर काजळी जास्तच धरते, कारण केरोसिन पेट्रोलसारखं पटकन वाफ होत नाही. अशी मोटर गरम झाल्यावरच केरोसिनवर घ्या आणि बंद करण्याआधी परत पेट्रोलवर आणा.

३. काळा, ओला, तेलकट: ऑईल जास्त पडलंय किंवा त्या सिलिंडरमध्ये ठिणगीच नाही. पुस्तकात ५० ला १ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली ऑईल. अंदाजाने ओतायचं नाही, माप ठेवा.

४. पांढरा फटक, वर बारीक फोड: घाबरायचं ते याला. मोटर जास्त तापतेय किंवा पेट्रोल कमी पडतंय. थंड पाण्याची धार जोरात येते का बघा. इम्पेलर, पाणी घेण्याच्या जाळीत अडकलेलं प्लास्टिक, आत साचलेलं मीठ, पेट्रोलची फिल्टर, पाईपमधून हवा घेणं हे सगळं तपासा. टू-स्ट्रोक मोटरीत ऑईल पेट्रोलमधूनच जातं. पेट्रोल कमी म्हणजे ऑईलही कमी, मग पिस्टन जाम.

५. चिनीमातीवर चकचकीत बारीक दाणे, टोक तडकलेलं: ते दाणे ॲल्युमिनियमचे, म्हणजे पिस्टन वितळायला लागलाय. नवा प्लग घालून समुद्रात जाऊ नका, मेकॅनिकला दाखवा.

६. एकच प्लग विचित्र स्वच्छ, धुतल्यासारखा: त्या सिलिंडरमध्ये पाणी जात असेल. हेड गॅस्केट बघून घ्या.

७. इलेक्ट्रोडच्या कडा गोल झाल्यात, गॅप वाढलाय: हा साधा म्हातारपणा. इथे मात्र नवा प्लग हेच औषध.

एकच प्लग खराब दिसला तर दोन्हींची अदलाबदल करा. खोड प्लगबरोबर दुसरीकडे गेली तर प्लग वाईट. त्याच सिलिंडरमध्ये राहिली तर कॉईल, कॅप नाहीतर कार्बोरेटर बघा.

आणखी एक. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाला बसतं. त्या थरात ऑईल जवळजवळ नसतं, आणि मोटर ओढते तळातूनच. पावसाळाभर पडून राहिलेलं पेट्रोल मोटरीला घालू नका.

नंबर कसा बघायचा

प्लगवर बी-७-एच-एस, बी-८-एच-एस असं लिहिलेलं असतं. मधला आकडा म्हणजे प्लग उष्णता किती लवकर सोडतो. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये उलटं, आकडा मोठा तितका गरम. म्हणून कंपनी बदलताना नुसता आकडा जुळवू नका, दुकानदाराकडे तक्ता मागा.

प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं की काजळी आपोआप जळते. ८५० च्या वर गेलं तर ठिणगीआधीच पेट्रोल पेटायला लागतं. पुस्तकातला नंबर या दोन्हींच्या मध्ये राहण्यासाठी दिलेला असतो. काळा होतो म्हणून गरम प्लग घातला तर काजळी जाईल, पण पूर्ण वेगात पिस्टन जाईल. आधी कारण काढा, नंबर तोच ठेवा.

टर्बो गाडीचं काय?

काही घरांत आता टर्बो पेट्रोल गाडी आहे, त्यांचेही प्रश्न येतात. वाचायची रीत तीच. फरक एवढाच की टर्बो हवा दाबून आत भरतो, त्यामुळे उष्णता आणि दाब दोन्ही जास्त. म्हणून अशा इंजिनाला सहसा थंड नंबर लागतो आणि गॅपही कमी, कारण दाट हवेतून ठिणगीला उडी मारणं जड जातं. चढावर जोर दिल्यावर गाडी झटके मारत असेल तर आधी गॅप बघा. बहुतेकांना इरिडियम प्लग येतो. त्याचं टोक बारीक आणि ठिसूळ असतं, घासायचं नाही, हत्याराने ओढायचंही नाही. गाडीत कॉम्प्युटर आहे, म्हणून नावात "आर" म्हणजे रेझिस्टर असलेलाच प्लग घ्या.

बसवताना

इंजिन थंड हवं. आधी हाताने आटे पूर्ण बसवा. वॉशरवाला नवा प्लग असेल तर हाताने टेकल्यानंतर पान्याने साधारण अर्धा फेरा, जुना असेल तर अगदी थोडा. जोर लावला तर ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात.

होडीत दोन नवे प्लग, प्लग पाना आणि फिलर गेज बंद डब्यात ठेवा. आणि काढलेला प्लग समुद्रात टाकू नका, सोसायटीत घेऊन या. आपण मिळून बघू.