गाडीचं दार उघडण्याआधी: वर्सोव्यातले करवान आणि ग्रेहाऊंड

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जे दोनदा-तीनदा सांगितलं गेलं ते इथे एकदाच ठेवलंय. प्रश्न असा होता की कुणीतरी सोडून दिलेलं, लांब पायांचं शिकारी कुत्रं वर्सोव्यात घरी आणायचं, तर आधी विचार कशाचा करायचा? लोक फ्लॅटच्या आकाराचा करतात. मी म्हणेन, गाडीच्या दाराचा करा.

आधी ही कुत्री कोण, ते बघू. इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलियात 'रेस्क्यू ग्रेहाऊंड' म्हटलं की शर्यतीतून निवृत्त झालेला कुत्रा डोळ्यासमोर येतो. न्यूझीलंडने तर डिसेंबर 2024 मध्ये या शर्यती बंद करत असल्याचं जाहीर केलं, म्हणजे तिथे आता या कुत्र्यांसाठी घरं शोधणं आलं. मुंबईत अस्सल ग्रेहाऊंड क्वचित. इथे भेटतो तो त्याचा देशी भाऊबंद, करवान. सांगली, सोलापूर, लातूर आणि पलीकडे विजापूर, बागलकोटच्या माळरानावरचा. मुधोळच्या घोरपडे राजांनी त्याला आश्रय दिला म्हणून मुधोळ हाऊंड हेही नाव. 2005 मध्ये तो टपाल तिकिटावर आला, ऑगस्ट 2020 मध्ये 'मन की बात'मध्ये त्याचं नाव आलं, आणि शहरात पिल्लं मागणारे वाढले. पिल्लू वर्षभरात कमरेला लागतं, मांजर दिसलं की हात उपटून नेतं, आणि मग एक दिवस ते कुठल्यातरी गल्लीत सापडतं. पाळीव जनावर असं सोडणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. भेळही येणार नाही त्यात धड.

घरात मात्र हा प्राणी अगदी सोपा. दिवसातला बराच वेळ तो सोफ्यावर पाय वर करून झोपतो. भुंकणं कमी. फासळ्या दिसतात म्हणून लिफ्टमधल्या काकू 'जेवायला देत नाही का हो?' विचारणार, ते हसून सोडून द्यायचं.

अडचण सुरू होते खाली, पार्किंगमध्ये. हा कुत्रा वासापेक्षा नजरेने शिकार करतो. लांब कुठेतरी काही हललं, की विचार नाही, थेट धाव. ग्रेहाऊंड तासाला 70 किलोमीटरच्या आसपास पोचतो. करवान जरा मागे असेल, पण तुमच्या-माझ्या पायांना त्याने काय फरक पडतो? आणि वर्सोव्यात मांजरं कुठे बसतात? उभ्या गाड्यांखाली! कोळीवाड्याच्या बाजूला वलांडीवर बोंबील सुकत असतात, तिथे तर विचारूच नका. तुम्ही मागचं दार उघडता, शेजारच्या गाडीखालून मांजर सटकतं, आणि कुत्रा यारी रोडच्या ट्रॅफिकमध्ये. ही कुत्री हरवतात ती बहुतेक अशीच.

त्यात याचं डोकं मानेपेक्षा अरुंद. साधा गळपट्टा मागे ओढला की सहज निघतो. म्हणून मार्टिंगेल पट्टा घ्या. ओढ बसली की तो थोडा आवळतो, पण गळफास होत नाही. गाडीत वेगळा हार्नेस घालून तो सीटबेल्टच्या बकलला अडकवा, गळपट्ट्याला नको, ब्रेक लागला तर मान जाईल. उतरताना क्रम ठरवून टाका: आधी पट्टा हातात, मग बकल सोडायचं, मग दार. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक कायम लावलेलं. काचेची बटणंही लॉक करा, कारण लांब पंजा बटणावर पडला की काच खाली जाते.

आता गाडीचं म्हणाल तर, सीएनजीवाल्या छोट्या गाडीची डिकी सिलिंडरने खाल्लेली असते. म्हणजे कुत्रा मागच्या सीटवर. सीट उतरती, समोर पाय ठेवायची पोकळी, आणि याला मांडी घालून बसता येत नाही. तो उभा राहतो आणि दर सिग्नलला धडपडतो. पोकळीत घट्ट गाठोडं भरून वर जाड गोधडी अंथरली की तो आपोआप आडवा होतो. महागडं काही लागत नाही.

समुद्रावरून परत येताना मात्र गाडीची काळजी घ्या. ओहोटीला किनारा सपाट, मोकळा, याला फार आवडतो (पट्टा सोडायचा नाही, तिथल्या कुत्र्यांच्या टोळ्यांची हद्द असते ती). पण खारं पाणी आणि वाळू मॅटखाली साचते आणि आधीच खाऱ्या हवेने त्रासलेला पत्रा आतून गंजतो. महिन्यातून एकदा मॅट उचलून गोड्या पाण्याने पुसून वाळवा. पावसाळ्यात दर आठवड्याला.

बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका. बाहेर 32 अंश असताना अर्ध्या तासात आत 45 च्या वर जातं, काच थोडी उघडी असली तरी.

रिक्षावाले बऱ्याचदा नाही म्हणतात आणि रिक्षाला दारही नसतं, म्हणून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलपर्यंत जायचं तर गाडीच. कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी तोंडाने सांगा, 'हा साइटहाऊंड आहे.' ग्रेहाऊंडमध्ये लाल पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आणि थायरॉइडचा टी4 कमी, हे नॉर्मल असतं. नाहीतर नसलेल्या आजाराच्या गोळ्या सुरू होतात. थायोपेंटल दिलं तर ग्रेहाऊंडला शुद्धीवर यायला फार वेळ लागतो. नसबंदीच्या आधी भूल कोणती देणार, हे विचारायला लाजू नका. करवानवर एवढा अभ्यास झालेला नाही, पण बांधा तोच आहे, तेव्हा सावधगिरी तीच बरी.

पुढच्या भागात सोसायटीच्या कमिटीशी कसं बोलायचं ते बघू. तोवर चाइल्ड लॉक आजच तपासा.