पलटणीत ये, पण किती दिवस?

२०२२ साली अग्निपथ योजना आली आणि चार वर्षांनंतर पंचवीस टक्क्यांपर्यंतच जवान कायम ठेवायचे, बाकीच्यांनी घरी परतायचे, असे ठरले. पहाटे सोळाशे मीटरचा सराव करणाऱ्या खानदेशातल्या साक्री-पिंपळनेरच्या पोरांना हे फार लागले. म्हणून भरतीच्या सर्वांत गाजलेल्या चित्राचा हा मागोवा. आल्फ्रेड लीटने काढलेला, बोट रोखलेला ब्रिटिश युद्धमंत्री लॉर्ड किचनेर ५ सप्टेंबर १९१४ रोजी ‘लंडन ओपिनियन’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आला. अमेरिकेने १९१७ मध्ये तीच ढब उचलून ‘अंकल सॅम’ उभा केला. चित्राने तरुणांची रीघ लावली, ही कथा मात्र फुगवलेली आहे. जानेवारी १९१६ मध्येच ब्रिटनला सक्तीच्या भरतीचा कायदा करावा लागला.

त्या बोटाचा खोटेपणा खानदेशातून स्पष्ट दिसतो. ते सर्वांना बोलावते, पण कोणाला घ्यायचे आणि कधी काढायचे हे सरकार स्वतःकडे ठेवते. ब्रिटिश अधिकारी आउट्रमने १८२५ मध्ये उभारलेली खानदेश भिल्ल पलटण १८९१ मध्ये पोलिसांत वळवली गेली. ठरावीक जमातीच लढवय्या असतात, या ब्रिटिशांच्या सिद्धान्तापायी त्याच सुमारास महारांची भरती थांबली. हाच किचनेर १९०२ ते १९०९ हिंदी फौजेचा सरसेनापती होता, तेव्हाही ती दारे बंदच राहिली. महार समाजाचे पुढारी शिवराम जानबा कांबळे यांनी ती उघडण्यासाठी १९१० मध्ये अर्ज केला, तोही वाया गेला. मग महायुद्धात माणसे कमी पडली आणि १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरली, १९२१ मध्ये पलटण मोडली. तीही चारच वर्षे! पुढचे महायुद्ध पेटल्यावर, १९४१ मध्ये, बेळगावात महार रेजिमेंट उभारावी लागली. टिळकांनी हा डाव पहिल्या महायुद्धातच ओळखला होता. माणसे देऊ, पण हिंदी तरुणांना अधिकारपदे द्या, ही त्यांची अट होती. जून १९१८ च्या मुंबईतल्या युद्ध परिषदेत गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना मध्येच अडवले, तेव्हा ते सभा सोडून निघाले.

कोणी म्हणेल, चित्राकडून अटींची अपेक्षा कशाला? पण १९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानात साक्षर शंभरात सहाच होते. बाकीच्यांना चित्राखालचा मजकूरही दुसऱ्याकडूनच ऐकावा लागे. आजचा तरुण वाचतो, अटी जाणूनच सही करतो, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तरीही ज्या साक्री तालुक्यातली आदिवासी कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जातात, तिथे सही करणाऱ्यापुढे दुसरी वाट कोणती असते? भरतीच्या फलकावर नोकरीची मुदत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापली पाहिजे, आणि परतणाऱ्या जवानाला कोणती नोकरी मिळणार, हे त्याच्या सहीआधी लेखी दिले पाहिजे.