गरम वाळू आणि शेवटच्या वर्षाची पोरं

‘कॉलेजची मुलं लहान कारखाने स्मार्ट करताहेत, बघून या,’ असं सांगून संपादकांनी कोल्हापूरला धाडलं. शिरोली एमआयडीसीतल्या त्या फौंड्रीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे चौघे वाळूच्या ढिगापाशी उकिडवे बसले होते. स्मार्ट म्हणावं असं त्यांच्यापाशी काहीच दिसेना. एक वही, एक वजनकाटा आणि थर्मासएवढं एक बंद भांडं, बस्स.

कोल्हापूरच्या ओतकामाची कथा ठाऊक असलेलीच आहे. उसाला पाणी उपसायला ऑइल इंजिनं लागली, इंजिनांना बिडाचे भाग लागले आणि उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी ते ओतले. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल असा पसारा वाढला. आज तीनशेच्या घरात फौंड्र्या आहेत आणि बराच माल वाहन उद्योगाला जातो. विद्यार्थ्यांनी स्थानिक अडचणी अभ्यासाव्यात ही कल्पनाही नवी नाही. आयआयटी मुंबईत त्यासाठी ‘सितारा’ हे केंद्र १९८५पासून आहे आणि २०१६मध्ये राज्य सरकारच्या ‘उन्नत महाराष्ट्र अभियाना’ने इतर कॉलेजांनाही या कामात ओढलं.

या चौघांचा मूळ विषय भारदस्त होता : सेन्सर बसवून मोबाइलवर रिजेक्शन दाखवायचं. मालकांनी रिजेक्शनचं रजिस्टर समोर ठेवलं आणि विषय तिथेच अडला. त्यात तारीख होती, पार्ट नंबर होता, बाद नगांचा आकडा होता. पण नग कोणत्या हीटचा म्हणजे भट्टीच्या कोणत्या खेपेचा, साचा सकाळी भरला की दुपारी, याचा पत्ताच नव्हता. जे कुणी लिहूनच ठेवलेलं नाही, ते मोबाइल काय दाखवणार? पोरांनी पट्टी घेऊन रजिस्टरात एक रकाना आखला : ‘साचा भरल्याची वेळ’. माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टातलं सगळ्यात हुशारीचं काम तेच.

रकाना भरू लागला तसं दिसलं की बाद माल जेवणाच्या सुट्टीनंतर वाढतो. पहिला संशय अर्थातच माणसांवर गेला. मग सँड मिक्सरवरच्या मामांनी पोरांना हाताशी धरलं.

मामांची परीक्षा मुठीची. मिक्सरमधून वाळू उचलायची, दाबायची, मूठ उघडायची. बोटांचे ठसे नीट उमटले पाहिजेत आणि गोळा मधोमध मोडला तर कडा ढासळता कामा नयेत. साच्याच्या या वाळूत बेंटोनाइटची चिकणमाती आणि कोळशाची पूड असते, पाणी साधारण तीन-चार टक्के. पोरांचं भांडं तेच पाणी मोजतं. मोजून घेतलेली वाळू आणि कॅल्शियम कार्बाइडची पूड आत घालून भांडं बंद करायचं आणि हलवायचं. ओलाव्याशी कार्बाइडचा संयोग होऊन ॲसिटिलिन वायू तयार होतो आणि त्याच्या दाबावर काटा सरकतो. मामांनी मुठीवरून अंदाज सांगायचा, मग काटा बघायचा, असा खेळच लागला. मामा क्वचितच चुकले.

‘मिक्सरात पाणी बरोबरच हाय की,’ मामा म्हणाले, ‘पर वाळू गरम हाय न्हवं! साच्यात जाईस्तोवर सुकतीया.’

नेमकं दुखणं तेच होतं. वाळू फिरून फिरून तीच वापरली जाते. साडेतेराशे अंशांच्या आसपासचं बीड पोटात घेऊन झाल्यावर साचा फोडतात आणि ती वाळू परत मिक्सरकडे येते. सकाळची वाळू रातभर निवलेली असते, दुपारच्या वाळूला तेवढी उसंत मिळत नाही. पन्नास अंशांच्या वर गेलेली वाळू पाणी धरत नाही. साच्याची कड भुरभुरते, वाळूचे कण कास्टिंगमध्ये अडकतात. म्हणून पाणी वाढवावं, तर वाफ धरून कास्टिंगमध्ये ब्लोहोल म्हणजे पोकळ्या पडतात. मामांना हे कधीचं ठाऊक होतं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

उपाय दोन निघाले : वाळू निववणारा कूलर, नाहीतर जास्तीची वाळू ठेवून आलटूनपालटून वापरायची. कूलरला पैसा लागतो आणि जास्तीच्या वाळूला जागा. शेडमध्ये चालायची वाट सोडली तर बाकी सगळीकडे माल रचलेला. मालकांनी वाहनाच्या पार्टांचे साचे सकाळी आणि मॅनहोलची झाकणं दुपारी अशी अदलाबदल करून पाहिली, पण गिऱ्हाइकाचा तातडीचा फोन आला की ही शिस्त मोडायची.

कॉलेजातली अडचण निराळीच. आढावा समितीने विचारलं, ‘यात नावीन्य काय?’ रकान्याला नावीन्याचे गुण नाहीत. शेवटी पोरांनी अहवालात सेन्सरचं एक प्रकरण घातलं. तो सेन्सर त्यांनी टेबलावर चालवून दाखवला होता, फौंड्रीत धुळीने लगेच बसला होता. शेजारच्या कारखानदाराने तर पुढच्या वर्षी मुलं घ्यायला आधीच नकार दिलाय. रिजेक्शनचे आकडे फुटून गिऱ्हाइकाच्या ऑडिटपर्यंत गेले तर भाव पाडून मागतील, ही त्याची धास्ती. ती अनाठायी आहे असं मला म्हणवत नाही.

मे महिन्यात तोंडी परीक्षा होईल आणि चौघे पांगतील. दोघांना पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी लागलीय. वाळू सगळ्यात तापते ती याच दिवसांत आणि मोजायला तेव्हाच कुणी नसतं. कार्बाइडची पूड संपली की नवी कुणी मागवायची, हेही ठरलेलं नाही. रकाना सध्या सुपरवायझर भरतो, पण पाळी बदलली की तो कोराच राहतो. पुढच्या बॅचचा विषय कॉलेजने मंजूर केलाय : कॅमेऱ्याने कास्टिंगमधले दोष ओळखणे.