गाळलेल्या बहिणीला नोटीस कोण देणार?

जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे खातेदार वारला की वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. प्रत्यक्षात माणसं येतात ती पीककर्ज अडल्यावर. एका तलाठी सज्जावर बसून मी जे प्रकरण पाहिलं तेही तसंच. मयताच्या थोरल्या मुलाच्या पिशवीत वडिलांचा मृत्यूचा दाखला, सातबारा आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र.

"वारस कोण कोण?"

"आम्ही दोघं भाऊ आन् आई."

"बहिणी न्हाईत?"

"हायेत की दोन. पर त्यांची लग्नं आम्हीच लावली, भाऊसाहेब."

तलाठी भाऊसाहेबांनी अर्ज परत सरकवला. "आजी हाय का?" आजी होती. मयताची आईसुद्धा मुलांच्या बरोबरीनं पहिल्या वर्गातली वारस असते, हे थोरल्याला तिथंच कळलं. तिनाचे सहा झाले.

एरवी पुढचं काम ठरलेलं. गाव नमुना 6-क म्हणजे वारस नोंदवही. तिथं मंडळ अधिकाऱ्यानं वारस कायम केले की नमुना 6 ला फेरफार धरायचा, त्याची प्रत चावडीवर लावायची आणि हितसंबंध असलेल्यांना नोटीस काढायची. हरकतीला पंधरा दिवस. हरकत आलीच तर ती 6-अ ला चढते आणि सुनावणी लागते.

खोच इथंच आहे. नोटीस निघते ती दफ्तरात नाव दिसतं त्यांना. अर्जातच गाळलेल्या बहिणीचं नाव दफ्तरात येणार कुठून? चावडीवर कागद डकवला म्हणून तीन तालुके पलीकडे नांदणाऱ्या बाईला तो दिसत नाही. 2025 मध्ये 'जिवंत सातबारा' मोहिमेनं मयतांची नावं काढून वारसांची लावायला घेतली, ते चांगलंच झालं, पण घाईच्या मोहिमेत "बहिणी न्हाईत?" हे विचारणारा भाऊसाहेब प्रत्येक सज्जावर असेलच असं नाही.

फेरफारात नाव नाही म्हणून हक्क बुडत नाही. ती नोंद महसुलापुरती. मालकी त्यानं ठरत नाही. हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, राखीपौर्णिमेला साध्या कागदावर घेतलेली सही चालत नाही. नोंद मंजूर झाली असेल तर साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं आणि वाटणीसाठी दिवाणी न्यायालय आहेच. मात्र तोवर जमीन विकली गेली, तर वकिलाच्या पायऱ्या झिजवणं आलं.

तेव्हा माहेरी वडील वारले असतील, तर महाभूमीच्या संकेतस्थळावर 'आपली चावडी' उघडा. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की चालू फेरफाराच्या नोटिसा दिसतात. काही महिने अधूनमधून पाहत राहा, आणि नाव नसेल तर पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत देऊन पोच घ्या.