सहा विजय, एक पराभव : वसईचे हितेंद्र ठाकूर

हितेंद्र ठाकूर वसई मतदारसंघातून सहा वेळा विधानसभेवर निवडून आले: १९९०, १९९५, १९९९, २००४, २०१४ आणि २०१९. यांतली पहिली निवडणूक तेवढी त्यांनी काँग्रेसच्या तिकिटावर लढवली. पुढचे तीन विजय अपक्ष म्हणून मिळाले आणि शेवटचे दोन स्वतःच्या बहुजन विकास आघाडीच्या नावावर. महाराष्ट्रात सहा वेळा आमदार झालेले बरेच आहेत. मात्र मोठ्या पक्षाची सावली सोडून पाच वेळा निवडून येणे, आणि तेही मुंबईला खेटून असलेल्या, दर दहा वर्षांनी ओळखू न येण्याइतक्या बदलणाऱ्या मतदारसंघातून, हे फारच थोड्यांना जमले. वसई-विरारमध्ये त्यांना ‘आप्पा’ म्हणतात. तीस वर्षे तिथल्या प्रचाराचा खरा प्रश्न एकच होता: आप्पांबरोबर की आप्पांविरुद्ध?

ठाकूर येण्यापूर्वीची वसई वेगळी होती. विरारच्या वर्तक घराण्याचा काँग्रेसमध्ये दबदबा होता. भाऊसाहेब वर्तक राज्यात मंत्री होते, ताराबाई वर्तक आमदार झाल्या. त्यांच्यासमोर समाजवादी आणि जनता पक्षाचा प्रवाहही चांगलाच जोरात होता. १९८५ मध्ये जनता पक्षाचे डॉमनिक गोन्साल्विस इथून निवडून आले. मतदार होते वाडवळ, सामवेदी, आगरी, कोळी, भंडारी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि पूर्वेकडच्या डोंगरपट्टीतले वारली आदिवासी. केळीच्या बागा, भाजीपाला, फुले, मासळी आणि मिठागरे यांवर तालुका जगत होता.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जमिनीचे भाव चढू लागले. मुंबईत घर घेणे ज्यांच्या आवाक्याबाहेर गेले, त्यांना लोकलच्या मार्गावर नालासोपारा आणि विरारला खोली मिळत होती. शेतीच्या जमिनी बांधकामासाठी खुल्या होऊ लागताच पश्चिम पट्ट्यातल्या गावांत अस्वस्थता पसरली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते हेच फादर. १९९० मध्ये सरकारने वसई-विरार परिसराचे नियोजन सिडकोकडे सोपवले. त्याच वर्षी, तिशीही न गाठलेले हितेंद्र ठाकूर प्रथम आमदार झाले. वसईचे शहर होणे आणि ठाकूरांचे राजकारण हे असे एकाच साली सुरू झाले. पुढच्या प्रत्येक निवडणुकीत त्यांची बाजू आणि त्यांच्या विरोधकांची बाजू ठरली ती याच एका प्रश्नावर: हे शहर कोणासाठी आणि कोणाच्या जमिनीवर?

१९९५ ची निवडणूक महाराष्ट्रात बंडखोरांची म्हणून लक्षात राहिली. काँग्रेसची पडझड झाली, शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले आणि विधानसभेत तब्बल ४५ अपक्ष पोहोचले. त्यांत ठाकूर होते. त्या ४५ पैकी बरेचसे नंतर कुठल्या ना कुठल्या पक्षाच्या आसऱ्याला गेले किंवा मागे पडले. ठाकूर मात्र १९९९ आणि २००४ मध्येही अपक्ष म्हणूनच जिंकले. त्यांचे गणित वेगळे होते. नगरपालिका, ग्रामपंचायती, पतपेढ्या आणि शाळा ही त्यांची खरी ताकद होती. आमदारकी त्यावर चढवलेला कळस होता. वसई विकास मंडळ या स्थानिक आघाडीच्या नावाखाली कार्यकर्त्यांचे जाळे विणले गेले. विरारमध्ये त्यांचे वडील विष्णू वामन ठाकूर यांच्या नावाच्या न्यासाने महाविद्यालय काढले. ‘विवा’ कॉलेज म्हणून ते आज ओळखले जाते, आणि त्या दोन अक्षरांत विष्णू वामन आहेत. वर्षअखेरीस भरणारा कला-क्रीडा महोत्सव शाळकरी मुलांपासून नोकरदारांपर्यंत सर्वांना मैदानात आणत असे. नळजोडणी, दाखला, पोलीस ठाण्यातले काम, कॉलेजातला प्रवेश अशा रोजच्या अडचणींसाठी माणूस मंत्रालयात जात नाही, तो गल्लीतल्या कार्यकर्त्याकडे जातो. आणि गल्लीतला कार्यकर्ता बहुतेक ठिकाणी आप्पांचा होता.

या पकडीला दुसरी बाजूही आहे, आणि ती झाकून चालणार नाही. दादागिरीचा, बेकायदा बांधकामांकडे डोळेझाक करण्याचा आणि सत्ता एकाच कुटुंबाच्या हाती एकवटल्याचा आरोप विरोधकांनी सतत केला. ज्येष्ठ बंधू जयेंद्र ऊर्फ भाई ठाकूर यांच्यावर १९८९ मधील एका बांधकाम व्यावसायिकाच्या खुनाच्या प्रकरणात टाडा कायद्याखाली खटला चालला. तीन दशकांहून अधिक काळानंतर पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. खटला चालू असलेल्या सगळ्या वर्षांत ‘दहशत विरुद्ध विकास’ हीच वसईच्या प्रचारातली जुगलबंदी होती. दोन्ही शब्द इतके वापरले गेले की मतदाराला त्यांची सवयच झाली.

२००९ हे वर्ष वळणाचे ठरले. मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि नालासोपारा हा नवा मतदारसंघ तयार झाला. पूर्वेची चाळवस्ती आणि नव्या इमारती यांचा मोठा भाग तिकडे गेला. बोईसर हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघही शेजारी उभा राहिला. त्याच वर्षी ३ जुलैला वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि ५३ गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. गावांना ही महापालिका नको होती. घरपट्टी वाढेल, बागायती जमिनीवर आरक्षणे पडतील, ग्रामसभेचा अधिकार जाईल, अशी भीती होती. या असंतोषाला श्रमजीवी संघटनेचे विवेक पंडित यांनी आवाज दिला. विधानसभेला ते शिवसेनेच्या पाठिंब्यावर अपक्ष उभे राहिले. ठाकूरांनी या वेळी स्वतः न लढता नारायण मानकर यांना पुढे केले होते. पंडित जिंकले. १९९० नंतर प्रथमच वसईची जागा ठाकूरांच्या गटाकडून गेली.

पण त्याच वर्षीचे बाकीचे निकाल पाहिले, तर हा पराभव एका जागेपुरताच होता असे दिसते. नालासोपाऱ्यातून चिरंजीव क्षितिज ठाकूर, तेव्हाच्या सर्वांत तरुण आमदारांपैकी एक, निवडून आले. बोईसरमधून बहुजन विकास आघाडीचे विलास तरे आले. काही महिन्यांपूर्वीच आघाडीच्या बळीराम जाधव यांनी भाजपचे चिंतामण वनगा यांना हरवून पालघरची लोकसभेची नवी जागा जिंकली होती. एका तालुक्यातून उभ्या राहिलेल्या आघाडीचा खासदार दिल्लीत बसावा, ही गोष्ट तशी दुर्मिळच. २०१० च्या महापालिकेच्या पहिल्या निवडणुकीत ८९ पैकी ५५ जागा आघाडीला मिळाल्या. २०१५ मध्ये तर ११५ पैकी १०६. शिवसेना पाचवर आणि भाजप एका जागेवर थांबला. देशात मोदी लाट होती, राज्यात देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री होते, आणि मुंबईच्या वेशीवरच्या महापालिकेत भाजपचा एकच नगरसेवक! गावांचा प्रश्न मात्र सुटला नाही. राज्य सरकारने २०११ मध्ये २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला, प्रकरण न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिले.

२०१४ मध्ये ठाकूर पुन्हा स्वतः उभे राहिले. त्यांना ९७,२९१ मते मिळाली, विवेक पंडितांना ६५,३९५. फरक जवळपास ३२ हजारांचा. २०१९ मध्ये शिवसेनेचे विजय पाटील समोर होते. ठाकूर १,०२,९५० मते घेऊन २५,९९५ मतांनी विजयी झाले. त्याच निवडणुकीत शिवसेनेने नालासोपाऱ्यात चकमकफेम माजी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांना उतरवले होते. प्रचारात त्यांचा गाजावाजा मोठा झाला, पण क्षितिज ठाकूर ४३,७२९ मतांनी जिंकले. बोईसरमध्ये विलास तरे शिवसेनेत गेले होते. तिथे आघाडीचे राजेश पाटील थोडक्यात निवडून आले. लोकसभेत मात्र हा जोर पुन्हा दिसला नाही. २०१४ ला वनगा जिंकले. त्यांच्या निधनानंतर २०१८ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत जाधव सव्वादोन लाखांच्या आसपास मते घेऊनही तिसरे आले. २०१९ मध्ये तर ‘शिट्टी’ ही हक्काची निवडणूक निशाणी दुसऱ्या एका छोट्या पक्षाकडे गेली आणि ‘रिक्षा’ घेऊन लढावे लागले. काँग्रेस आणि राष्ट्रवादीचा पाठिंबा असूनही जाधव हरले.

तीन आमदार म्हणजे २८८ च्या सभागृहात नगण्य. पण बहुमत काठावर असले की तीनही मोठे होतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये उद्धव ठाकरे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाला बहुजन विकास आघाडीने साथ दिली. जुलै २०२२ मध्ये एकनाथ शिंदे सरकारलाही दिली. मधल्या काळात, जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत सहाव्या जागेसाठी भाजपचे धनंजय महाडिक आणि शिवसेनेचे संजय पवार यांच्यात एकेका मताची ओढाताण झाली. तेव्हा दोन्हीकडच्या नेत्यांना विरार गाठावे लागले. याला कुणी संधिसाधूपणा म्हणेल. पण ज्याचा पक्ष महापालिकेच्या हद्दीत सुरू होऊन जवळपास तिथेच संपतो, त्याला मंत्रालयात कोणाचेही सरकार असले तरी त्याच्याशी जमवून घ्यावेच लागते. पाणी सूर्या धरणातून येते, त्यावरच्या मोठ्या योजना राज्य सरकार आणि एमएमआरडीएच्या हाती आहेत. वसई-विरारच्या वाट्याला दररोज १८५ दशलक्ष लिटर पाणी देणारी प्रादेशिक योजनाही त्यांतलीच.

जून २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. विधानसभेची पुढची निवडणूक आली तरी महापालिकेची झालेली नव्हती. चार वर्षांहून अधिक काळ आघाडीकडे ना महापौर होता, ना स्थायी समिती, ना एकही विद्यमान नगरसेवक. ठाकूरांची यंत्रणा ज्या पायावर उभी होती, नेमका तोच काढून घेतला गेला. याचा २०२४ च्या निकालात जेवढा वाटा आहे, तेवढा कुठल्याही एका भाषणाचा किंवा आरोपाचा नसावा. २०२४ च्या लोकसभेला राजेश पाटील अडीच लाखांवर मते घेऊन तिसरे आले, तेव्हाच घसरण दिसू लागली होती.

विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, १९ नोव्हेंबर २०२४ रोजी, मात्र सगळ्या राज्याचे लक्ष वसई-विरारकडे लागले. भाजपचे राष्ट्रीय सरचिटणीस विनोद तावडे एका हॉटेलात पैसे वाटत असल्याचा आरोप करत आघाडीचे कार्यकर्ते तिथे घुसले. हितेंद्र आणि क्षितिज ठाकूर दोघेही पोहोचले. कित्येक तास तावडे हॉटेलातच अडकले होते. निवडणूक अधिकाऱ्यांनी तिथून सुमारे दहा लाख रुपयांची रोकड ताब्यात घेतली, गुन्हे नोंदवले गेले. आपण कार्यकर्त्यांना मतदानाच्या दिवसाचे नियम समजावून सांगायला आलो होतो, असे सांगत तावडे यांनी आरोप फेटाळला. दूरचित्रवाणीवर दिवसभर हेच चित्र होते. ठाकूरांना याचा फायदा होईल, असे त्या संध्याकाळी अनेकांना वाटले.

२३ नोव्हेंबरला मतमोजणी झाली. वसईत भाजपच्या स्नेहा दुबे-पंडित यांना ७७,५५३ मते मिळाली, ठाकूर यांना ७४,४००. काँग्रेसचे विजय पाटील, म्हणजे २०१९ चे शिवसेनेचे उमेदवार, ६२,३२४ मते घेऊन तिसरे राहिले. फरक ३,१५३ मतांचा. पाच वर्षांत ठाकूरांची साडेअठ्ठावीस हजार मते कमी झाली. विरोधातली मते दोन ठिकाणी विभागूनही ते हरले, ही या निकालातली खरी बाब. तिरंगी लढतीचा लाभ एरवी प्रस्थापिताला होतो, इथे तोही पुरला नाही. विजयी उमेदवार या विवेक पंडित यांच्या कन्या. २००९ मध्ये वडिलांनी ठाकूरांच्या उमेदवाराला हरवले होते, २०२४ मध्ये मुलीने खुद्द ठाकूरांना.

नालासोपाऱ्यात भाजपचे राजन नाईक यांनी क्षितिज ठाकूर यांचा ३६ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. बोईसरमध्ये शिवसेनेचे विलास तरे परतले. आघाडीच्या तिन्ही जागा एका दिवसात गेल्या, आणि १९९० नंतर प्रथमच ठाकूर घराण्यातले कोणीही विधानसभेत उरले नाही.