समृद्धी महामार्ग: जमीन, संवाद आणि जनसुनावणी

नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला. नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी, तर इगतपुरी-आमणे हा शेवटचा 5 जून 2025 रोजी.

खरी कसोटी जमिनीची होती. सुरुवातीची योजना भूसंचयाची होती: जमीन द्यायची आणि नव्या नगरांत विकसित भूखंड घ्यायचा. अनेक शेतकऱ्यांनी विरोध केला. 2017 मध्ये थेट खरेदीचा पर्याय आला. 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार ग्रामीण भागात बाजारभावाच्या सुमारे चौपट होणाऱ्या मोबदल्यावर 25 टक्के वाढ मिळाली, म्हणजे साधारण पाचपट. राज्य रस्ते विकास महामंडळाने शेतकऱ्यांशी बोलण्यासाठी गावोगावी ‘संवादक’ नेमले. संयुक्त मोजणीत जमिनीबरोबर विहीर, झाडे, गोठा, जलवाहिनी यांचीही नोंद होते. मोबदला ठरवताना या नोंदी धरल्या जातात.

पर्यावरणविषयक जनसुनावणी ही वेगळी पायरी. 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार ती प्रदूषण नियंत्रण मंडळ जिल्हानिहाय घेते. किमान 30 दिवस आधी वृत्तपत्रांत सूचना द्यावी लागते. या मूल्यांकन अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत वाचता येतो.

आता समृद्धीचा विस्तार भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे नेण्याचे नियोजन आहे. आपली जमीन आखणीत येत असेल, तर मोजणीला स्वतः हजर राहा, नोंदी सातबाऱ्याशी ताडून पाहा आणि हरकत गट क्रमांकासह लेखी देऊन पोच घ्या.