प्रकाश-विलगित घनावस्था रिले : विद्युतीय वर्तन व हाताळणी

प्रास्ताविक

क्षीण संकेताच्या साहाय्याने प्रबळ प्रवाहाचे नियमन करणे हे रिलेचे कार्य होय. विद्युत्-चुंबकीय रिलेत हे कार्य वेटोळे, आर्मेचर व धातूचे स्पर्शबिंदू ह्यांच्याकरवी होते. घनावस्था रिलेत हलणारा भाग नसतो; स्पर्शबिंदूंची जागा अर्धसंवाहक घटकाने घेतलेली असते, आणि नियंत्रक बाजूकडून भाराच्या बाजूकडे संदेश नेण्याचे काम प्रकाश करतो. नियंत्रित एकदिशकारक, म्हणजेच थायरिस्टर, १९५७ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत सिद्ध झाला, आणि पुढील दशकात गॅलियम आर्सेनाइडाचे प्रकाश-उत्सर्जक डायोड उपलब्ध झाले. ह्या दोहोंच्या संयोगातून प्रस्तुत साधनाचा मार्ग मोकळा झाला. आज भट्ट्या, मापनयंत्रे व स्वयंचलित नियंत्रणाची उपकरणे ह्यांमध्ये ते सर्रास आढळते.

तथापि ‘विलगित’ ह्या विशेषणामुळे एक गैरसमज वारंवार होतो. ह्या रिलेतील विलगन नियंत्रक मंडल व भार-मंडल ह्यांच्यामधील असते. वीजपुरवठा व भार ह्यांच्यामध्ये, रिले अवाहक अवस्थेत असतानाही, खऱ्या अर्थाने विलगन नसते. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याच्या जीविताशी ह्या भेदाचा संबंध असल्यामुळे तो स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतू आहे. प्रचलित भाषेतील ‘बंद’ हा शब्द संदिग्ध असल्याने पुढे सर्वत्र ‘वाहक’ व ‘अवाहक’ ह्याच संज्ञा योजिल्या आहेत.

रचना व कार्यपद्धती

नियंत्रक बाजूस प्रकाश-उत्सर्जक डायोड असतो. त्यातून काही मिलिअँपिअर प्रवाह गेला असता अवरक्त प्रकाश बाहेर पडतो व पारदर्शक निरोधक माध्यमातून समोरच्या सिलिकॉनच्या प्रकाशग्राही घटकावर पडतो. गॅलियम आर्सेनाइडाचा प्रकाश सुमारे ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो, व ह्या पट्ट्यात सिलिकॉनची संवेदनक्षमता उत्तम असल्यामुळे ही जोडी सोयीची ठरते. दोन्ही बाजूंना जोडणारा कोणताही संवाहक मार्ग नसल्याने त्यांच्यामधील निरोधन २,५०० ते ४,००० व्होल्टांच्या कसोटीस उतरू शकते.

भाराच्या बाजूकडील रचनेवरून ह्या रिलेंचे दोन प्रमुख वर्ग पडतात.

पहिल्या वर्गात प्रकाशामुळे ट्रायॅक, किंवा उलटसुलट दिशांनी समांतर जोडलेले दोन थायरिस्टर, वाहक होतात. एकदा वाहक झालेला थायरिस्टर प्रवाह जवळजवळ शून्यावर येईपर्यंत वाहकच राहतो. म्हणून ५० हर्ट्झ कंप्रतेच्या प्रत्यावर्ती पुरवठ्यावर, नियंत्रक संकेत काढून घेतल्यानंतरही, रिले अवाहक होण्यास १० मिलिसेकंदांपर्यंत, म्हणजे अर्धे आवर्तन, लागू शकते. एकदिश पुरवठ्यावर प्रवाह आपोआप शून्यावर येत नाही; त्यामुळे असा रिले तेथे वाहक झाला की संकेताने तो अवाहक करता येत नाही.

दुसऱ्या वर्गात प्रकाश-व्होल्टीय डायोडांची एकसर माळ असते. प्रकाश पडला असता ती काही व्होल्ट दाब निर्माण करते व त्यामुळे मॉसफेट प्रकारच्या ट्रँझिस्टरांचे द्वार विद्युत्-भारित होते. दोन मॉसफेट परस्परविरुद्ध दिशांनी एकसर जोडल्यामुळे प्रत्यावर्ती व एकदिश असे दोन्ही प्रवाह नियंत्रित करता येतात. माळेतून मिळणारा प्रवाह मायक्रोअँपिअरच्या मापाचा असल्याने द्वाराची धारिता भरण्यास वेळ लागतो, आणि वाहक होण्याचा काल मिलिसेकंदाच्या अंशापासून काही मिलिसेकंदांपर्यंत असतो.

वाहक अवस्थेतील वर्तन

धातूच्या स्पर्शबिंदूंमधील दाबपात नगण्य असतो. अर्धसंवाहकातील तसा नसतो. थायरिस्टर-रिलेत भारप्रवाह कमी असो वा अधिक, सुमारे १ ते १·५ व्होल्ट दाबपात होतोच. म्हणून दर अँपिअरमागे साधारणपणे १ ते १·५ वॉट उष्णता रिलेच्या आतच निर्माण होते. मॉसफेट-रिलेत मात्र दाबपात प्रवाहाच्या प्रमाणात असतो. ज्या रिलेस अधिक दाब सोसावयाचा असतो त्याचा वाहक-रोधही अधिक असतो : ६० व्होल्टांसाठी केलेल्या रिलेत तो ओहमाचा अंशमात्र, तर ४०० व्होल्टांसाठी केलेल्या छोट्या रिलेत तो दहापट ते शेकडोपट असू शकतो. क्षीण संकेतांच्या मापनासाठी हाच वर्ग उपयुक्त, कारण त्यात थायरिस्टरासारखा ठरावीक दाबपात नसतो.

उष्णतेचा प्रश्न एका उदाहरणाने स्पष्ट होईल. २,००० वॉटची नायक्रोमची भट्टी २३० व्होल्टांवर सुमारे ८·७ अँपिअर प्रवाह घेते. दर अँपिअरमागे १·२ वॉट धरल्यास रिलेत १०·४ वॉट उष्णता निर्माण होईल. समजा, अर्धसंवाहक संधीपासून उष्णता-विसर्जकामार्गे हवेपर्यंतचा एकूण औष्णिक रोध दर वॉटला ३·९° से. आहे, व पेटीतील हवेचे तापमान ५५° से. आहे. विदर्भातील उन्हाळ्यात बाहेरील तापमान ४५° से.च्या वर जात असल्याने हे गृहीत मुळीच अवास्तव नाही. संधीचे तापमान मग ५५ + (१०·४ × ३·९), म्हणजे सुमारे ९६° से. होईल. ही स्थिती सुरक्षित आहे. परंतु त्याच रिलेवर ‘२५ अँपिअर’ असे छापलेले आहे म्हणून त्यातून २० अँपिअर प्रवाह नेल्यास २४ वॉट उष्णता निर्माण होऊन संधीचे तापमान सुमारे १४९° से. होईल, आणि थायरिस्टराची नेहमीची १२५° से. ही मर्यादा ओलांडली जाईल. रिलेवर छापलेला आकडा विशिष्ट तापमान व पुरेसा विसर्जक गृहीत धरून दिलेला असतो. तो निरपेक्ष नव्हे.

क्षणिक प्रवाह व शून्यक्षणी योजन

भाराचा स्थायी प्रवाह व त्याचा आरंभीचा प्रवाह ह्यांत मोठे अंतर असू शकते. टंगस्टनच्या थंड तंतूचा रोध तप्त तंतूच्या मानाने फार कमी असल्याने दिवा लावताना स्थायी प्रवाहाच्या दहापटीहून अधिक प्रवाह क्षणभर वाहू शकतो. रिलेची निवड ह्या क्षणिक मूल्यावरून करावी लागते.

दाब शून्याजवळ आला असतानाच वाहक होण्याची व्यवस्था पुष्कळ थायरिस्टर-रिलेंमध्ये असते. भट्टीसारख्या रोधात्मक भारास ती उत्तम होय. तीमुळे रेडिओ-व्यत्यय कमी होतो. २ सेकंदांत २०० अर्धी आवर्तने येतात. त्यांपैकी किती भट्टीस द्यावयाची ते ठरवून शक्तीचे सूक्ष्म नियमन करता येते. परंतु जे रोधकास हितकर ते रोहित्रास हितकर असतेच असे नाही. रोहित्राच्या गाभ्यातील चुंबकीय स्रोत हा दाबाच्या संकलनावर अवलंबून असतो. दाब शून्य असताना पुरवठा जोडल्यास पहिल्या अर्ध्या आवर्तनात हा स्रोत त्याच्या नेहमीच्या शिखर-मूल्याच्या जवळजवळ दुप्पट होऊ पाहतो, गाभा संतृप्त होतो व प्रवाह कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून रोहित्रासाठी शून्यक्षणी योजन करणारा रिले टाळून, कोणत्याही क्षणी वाहक होणारा किंवा दाबाच्या शिखराजवळ वाहक होणारा रिले निवडावा.

मंडल-संक्षेप झाल्यास काय होते हेही पाहिले पाहिजे. २५ अँपिअरचा एखादा रिले एका अर्ध्या आवर्तनापुरता २५० अँपिअर शिखर-प्रवाह सोसू शकतो असे धरल्यास, प्रवाहाचा वर्ग व काल ह्यांचे संकलन सुमारे ३१२ अँपिअर-वर्ग-सेकंद इतके येते. वितळतारेने मंडल तोडेपर्यंत तीमधून जाऊ दिलेले हे मूल्य ह्याहून कमी असले पाहिजे. सामान्य वितळतार किंवा घरगुती मंडल-खंडक बहुधा इतका त्वरित नसतो. त्यासाठी अर्धसंवाहकांच्या रक्षणार्थ खास बनविलेली शीघ्र वितळतार वापरावी लागते.

अवाहक अवस्थेतील वर्तन

२३० व्होल्ट पुरवठ्याचे शिखर-मूल्य ३२५ व्होल्ट असते, व शेजारची यंत्रे बंद-चालू होताना त्यावर क्षणिक उसळ्या येतात. त्यामुळे ६०० व्होल्ट वा त्याहून अधिक दाब सोसणारा रिले निवडतात व भाराच्या बाजूस धातु-ऑक्साइड व्हॅरिस्टर जोडतात. दाबाचे मूल्य मर्यादेत असूनही तो फार वेगाने वाढला तर संधीच्या धारितेतून वाहणाऱ्या प्रवाहामुळे थायरिस्टर संकेताविना वाहक होऊ शकतो. हे टाळण्यासाठी रोधक व धारित्र ह्यांची एक शाखा, जिला स्नबर म्हणतात, त्याला समांतर जोडलेली असते.

परंतु हीच शाखा अवाहक अवस्थेत प्रवाहास वाट देते. ०·०२२ मायक्रोफॅरडचे धारित्र २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ पुरवठ्यावर सुमारे १·६ मिलिअँपिअर प्रवाह जाऊ देते. ०·१ मायक्रोफॅरडचे धारित्र असल्यास हा प्रवाह ७ मिलिअँपिअरच्या वर जातो. प्रत्यावर्ती प्रवाहाची जाणीव मनुष्यास साधारणतः ०·५ मिलिअँपिअरपासून होते, व सुमारे १० मिलिअँपिअरला पकड सोडविणे कठीण होऊ लागते. हे आकडे लक्षात घेता गळती-प्रवाह उपेक्षणीय म्हणता येत नाही. मॉसफेट-रिलेत ही गळती बरीच कमी, बहुधा मायक्रोअँपिअर वा त्याहून लहान असते. मात्र त्याच्या धारितेतून उच्च कंप्रतेचे संकेत पलीकडे जातात. १०० पिकोफॅरड धारितेचा संरोध १ मेगाहर्ट्झला अवघा १,६०० ओहम असतो.

आता वरील भट्टीकडे पुन्हा पाहू. तिचा रोध सुमारे २६ ओहम आहे. ती सुस्थितीत असताना १·६ मिलिअँपिअर गळतीमुळे तिच्या टोकांमध्ये व्होल्टाचा विसावा भागही दाब येत नाही, व सर्व काही सुरक्षित भासते. परंतु तिची नायक्रोमची तार तुटली की स्थिती पालटते. रिले व तुटीची जागा ह्यांमधील सर्व भाग स्नबरमार्गे पुरवठ्याशी जोडलेला राहतो, आणि १ कोटी ओहम रोधाचा दाबमापक तेथे लावल्यास तो जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट दाखवितो. इतकेच नव्हे, तर भट्टी थंड पडत आहे असे पाहून तापमान-नियंत्रक रिलेस वाहक होण्याचा संकेत सतत देत राहतो. म्हणजे ज्या क्षणी दुरुस्ती करणारा मनुष्य थंड भट्टीच्या अग्रांस हात लावावयास येतो, नेमक्या त्याच क्षणी त्या अग्रांवर पुरवठ्याचा संपूर्ण दाब व पूर्ण प्रवाह देण्याची क्षमता असते. नियंत्रकाचा दिवा विझविल्याने रिले फार तर अवाहक होईल. पुरवठा विलग होणार नाही. म्हणून रिलेच्या अलीकडे हाताने उघडावयाचा यांत्रिक विलगक असणे अत्यावश्यक आहे, व तो उघडल्याशिवाय भारास स्पर्श करू नये.

बिघाडाची दिशा

विद्युत्-चुंबकीय रिलेचे वेटोळे जळाल्यास त्याचे स्पर्शबिंदू बहुधा उघडे राहतात. अतिरिक्त प्रवाह, दाब वा उष्णता ह्यांमुळे निकामी झालेला थायरिस्टर किंवा मॉसफेट मात्र बहुधा कायमचा वाहक होतो. अशा वेळी नियंत्रकाचा कोणताही आदेश भट्टीस थांबवू शकत नाही. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगात ह्याचा परिणाम आगीपर्यंत जाऊ शकतो. ह्यावर उपाय एकच : मुख्य नियंत्रकाशी संबंध नसलेला दुसरा तापमान-मर्यादक बसवावा, त्यास स्वतंत्र तापयुग्म द्यावे, आणि त्याच्याकरवी यांत्रिक कॉन्टॅक्टर उघडला जावा. एकदा उघडलेला कॉन्टॅक्टर हाताने पूर्ववत केल्याखेरीज पुन्हा मिटू नये.

हाताळणीविषयी सूचना

(१) नियंत्रक बाजूस प्रवाह-मर्यादक रोधक आतच आहे की नाही ते प्रथम पाहावे. नसल्यास, ५ व्होल्टांच्या उगमावर १० मिलिअँपिअर प्रवाहासाठी, डायोडातील १·२ व्होल्ट पात वजा करता, ३८० ओहम लागतात. डायोडाची दीप्ती वयोमानाने व उष्णतेने मंदावते; म्हणून ३३० ओहमांचा रोधक घेऊन थोडा अधिक प्रवाह ठेवणे श्रेयस्कर. डायोडास उलट दिशेचा दाब फार थोडा सोसतो. ध्रुवता तपासल्याशिवाय जोडणी करू नये.

(२) विसर्जकाचा पृष्ठभाग सपाट व स्वच्छ असावा. उष्णतावाहक लेप पातळ व एकसारखा द्यावा; जाड थर उष्णतेस अडथळाच करतो. विसर्जकाच्या पात्या उभ्या ठेवाव्यात, म्हणजे तापलेली हवा वर जाण्यास वाट मिळते. अग्रांचे स्क्रू पुरेसे घट्ट करावेत. सैल जोडणीत निर्माण होणारी उष्णता रिलेतच शिरते.

(३) नियंत्रक तारा व पुरवठ्याच्या तारा एकाच जुडग्यात बांधू नयेत, तसेच मुद्रित मंडलावर रिलेच्या खालून तांब्याची रेषा नेऊ नये. रिलेत जे निरोधन आहे ते बाहेरील जोडणीत गमावले जाते.

(४) एकदिश प्रवर्तनी भारास समांतर उलट डायोड जोडावा. अन्यथा प्रवाह तुटताना उत्पन्न होणारा दाब मॉसफेट भेदून जातो.

(५) थायरिस्टर-रिलेची परीक्षा केवळ ओहममापकाने होत नाही, कारण त्याचा अल्प प्रवाह थायरिस्टरास वाहक ठेवण्यास अपुरा असतो. पुरवठा व दिव्यासारखा खरा भार जोडूनच परीक्षा करावी.

(६) उच्च दाबाने निरोधन तपासताना नियंत्रक बाजूची अग्रे एकत्र जोडावीत, तसेच भाराच्या बाजूची अग्रेही एकत्र जोडावीत, आणि ह्या दोन समूहांमध्येच दाब द्यावा. भाराच्या दोन अग्रांमध्ये तो दिल्यास रिले नष्ट होण्याचा संभव असतो.

समारोप

घनावस्था रिले नीरव आहे, त्यात ठिणगी पडत नाही व यांत्रिक झीज नसल्याने तो दीर्घकाळ वारंवार वापरता येतो. हे गुण निर्विवाद आहेत. तथापि वाहक असताना तो पूर्ण वाहक नसतो, म्हणून त्याच्या उष्णतेची व्यवस्था करावी लागते; आणि अवाहक असताना तो पूर्ण अवाहक नसतो, म्हणून त्याच्या जोडीस यांत्रिक विलगक द्यावा लागतो. नियमनाचे काम रिलेवर व रक्षणाचे काम विलगकावर सोपविणे, ही ह्या साधनाच्या योग्य वापराची पहिली अट होय.